गोगलगाय नि पोटात पाय : काचेखालून पाहिलेला एक धडा



जुलै महिना. रत्नागिरीचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, चार चार दिवस उघडीप नाही. शाळेच्या जांभ्याच्या गडग्यावर शेवाळ चढलेलं आणि त्यावर गोगलगायी. अशा दिवसांत पाचवीतली एक मुलगी दप्तरातून काचेची बरणी घेऊन वर्गात आली. आत एक गोगलगाय होती. चपटा, तपकिरी, चमकदार शंख, आकार साधारण रुपयाच्या नाण्याएवढा. आठ दिवसांपासून ती तिने घरी पाळली होती. जास्वंदीची पानं घालायची, पाणी शिंपडायची, रात्री बरणी उशाशी ठेवायची.

"बाई, कालपासून हिचा पाय कसातरीच वळवळतोय. आजी म्हणते, बाय, ती काय आता जगत नाय, टाकून दे गडग्यावर."

मुलं भोवती जमली. झाकणाच्या आतल्या बाजूला गोगलगाय चिकटली होती. पायाची पुढची बाजू उचललेली, कडा आत वळलेल्या, मधूनच सगळं अंग पिळल्यासारखं होत होतं. शंखाच्या तोंडाशी थोडा फेस. एक जण म्हणाला, "मरतेय ती." दुसरा म्हणाला, "मीठ टाकूया, लवकर मरेल." तिसऱ्याला वाटलं, ती नाचतेय. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्या दिवशी परिसर अभ्यासाचा ठरलेला पाठ बाजूला ठेवला आणि गोगलगायीचा पाय हाच पाठ घेतला. कोकणात पावसाळ्यात हे कोणत्याही शाळेत, कोणत्याही घरात करता येतं. म्हणून काय केलं आणि काय कळलं ते सविस्तर लिहितेय.

म्हण अर्धी बरोबर आहे

सुरुवात म्हणीपासून केली. 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या पण आतून बेरकी माणसाला लावतो. मुलांना विचारलं, गोगलगायीला पाय किती? उत्तरं आली : शून्य, दोन, शंभर. खरं उत्तर एक. तिच्या अंगाखालचा सगळा सपाट, मांसल भाग म्हणजे एकच रुंद पाय. शास्त्रज्ञांनी या प्राण्यांच्या गटाला दिलेलं 'गॅस्ट्रोपोडा' हे नाव ग्रीक शब्दांवरून आलं आहे. 'गॅस्टर' म्हणजे पोट आणि 'पोड' म्हणजे पाय. मराठीत आपण त्यांना उदरपाद म्हणतो. हीच मुलं दहावीत गेली की प्राणी वर्गीकरणात त्यांना मृदुकाय संघ भेटेल, त्यातलाच हा गट.

म्हण अर्धीच बरोबर, कारण गोगलगायीचे आतले बरेचसे अवयव वर शंखात असतात. पाय पोटात नाही, पोटाखाली आहे. बेरकीपणाचा तर काहीच पुरावा नाही!

आधी नीट चाल पाहू

विचित्र हालचाल ओळखायची तर आधी नेहमीची हालचाल माहीत हवी. ताप मोजण्याआधी नेहमीचं तापमान माहीत असावं लागतं, तसंच. म्हणून बरणी उघडून गोगलगाय अलगद बाहेर काढली. हाताने ओढून नाही. एक ओलं पान तिच्या पायाच्या पुढे धरलं, ती आपणहून पानावर आली. दोन बाकांमध्ये जागा ठेवून वर जुन्या फोटोची फ्रेम काचेसकट आडवी ठेवली, काच विहिरीच्या पाण्याने ओली केली आणि पान काचेवर टेकवलं. मुलं पाळीपाळीने बाकांखाली उताणी झोपून वर बघू लागली.

पाच मिनिटं काहीच नाही. मग गोगलगाय काचेवर उतरली आणि चालू लागली. बाकाखालून आवाज आला, "बाई, हिच्या पायावरून सावल्या पळतायत!"

तेच पाहायचं होतं. चालणाऱ्या गोगलगायीच्या तळव्यावर आडवे गडद पट्टे दिसतात. ते शेपटीकडून डोक्याकडे सरकत जातात, एकामागून एक. या स्नायूंच्या लाटा आहेत. मुलांना पटावं म्हणून वर्गातली सतरंजी पसरली. जड सतरंजी एका टोकाला धरून ओढली तर घासते, हलता हलत नाही. पण मागच्या टोकाला एक सुरकुती पाडून ती सुरकुती पुढे ढकलत नेली, तर सतरंजी त्या सुरकुतीएवढी पुढे सरकते. गोगलगायीच्या तळव्यावर अशा बऱ्याच सुरकुत्या एकाच वेळी पुढे जात असतात. लाटेतला भाग तेवढा पुढे सरकतो, दोन लाटांमधला भाग जमिनीला धरून असतो. पाय उचलून टाकावा लागत नाही, म्हणून वरून पाहिलं तर ती नुसती घसरत चाललीय असं वाटतं.

गांडुळाशी तुलना करायला लावा. गांडुळाच्या अंगावरची लाट डोक्याकडून शेपटीकडे जाते आणि गांडूळ मात्र पुढे जातं. गोगलगायीत लाट आणि प्राणी एकाच दिशेने जातात. समुद्रकाठच्या खडकांवर टोपीसारख्या शंखाचे लिम्पेट चिकटलेले असतात. तेही उदरपादच, पण त्यांच्या पायावरच्या लाटा गांडुळासारख्या उलट्या, पुढून मागे जातात. (मुलांना ओहोटीच्या वेळी खडकांवर न्याल तेव्हा लिम्पेट दाखवा, पण उचकटून काढू देऊ नका. ते जखमी होतात.)

आता तो चिकट स्राव. मुलं त्याला सरळ 'शेंबूड' म्हणतात, म्हणू द्या. त्याची गंमत अशी की तो कधी घट्ट असतो, कधी पातळ. टोमॅटो सॉसची बाटली उलटी केली तर सॉस लगेच येत नाही, फटका मारला की भसकन येतो. गोगलगायीचा स्रावही जोर कमी असताना घट्ट राहून पाय धरून ठेवतो, आणि लाटेचा जोर पडला की तिथे पातळ होतो. लाट पुढे गेली की पुन्हा घट्ट. मार्क डेनी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1980 साली शंख नसलेल्या गोगलगायींवर प्रयोग करून हे दाखवलं. हा स्राव तयार करायला प्राण्याला फार ऊर्जा लागते, हेही त्यांनी मोजलं. म्हणजे गोगलगाय मागे सोडते ती रेघ तिला महागात पडलेली असते. पुढे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये याच तत्त्वावर चालणारा गोगलगायीचा यंत्रमानवही बनवला गेला. हे ऐकून मागच्या बाकावरची मुलंही पुढे आली.

मग झाकणावर काय झालं?

काचेवर पाय टेकलेला, लाटा सरळ, फेस नाही. आमच्या गोगलगायीने एका मिनिटात साधारण 4 सेंमी अंतर कापलं. म्हणजे पाय चांगला होता! मग बरणीत तो वळवळत का होता?

उत्तर मी दिलं नाही. (खरं तर तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.) फळ्यावर दोन रकाने केले : 'बरणीत काय दिसलं' आणि 'काचेवर काय दिसलं'. मुलं सांगत गेली, मी लिहीत गेले. शेवटी मघाशी मीठ टाकूया म्हणणारा मुलगाच म्हणाला, "बाई, ती बरणीच्या काचेवर असताना पण नीट होती. झाकणावर गेली तेव्हाच वाकडी झाली."

झाकण हातात घेतलं. वास घेतला. लोणचं!

बरणी कैरीच्या लोणच्याची होती. मुलीने ती तीन वेळा धुतली होती, पण झाकणाच्या आत जी पुठ्ठ्याची चकती असते तिच्यात खार मुरलेला. नुसत्या वासावर निकाल द्यायचा नाही म्हणून चकती काढून थोड्या विहिरीच्या पाण्यात भिजवली. दुसऱ्या वाटीत तेवढंच साधं विहिरीचं पाणी घेतलं. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंच्या मदतीने दोन्ही पाणी मी वेगवेगळं आटवलं. मुलं लांब उभी. साध्या पाण्याच्या भांड्यात अंधुक डाग राहिला, चकतीच्या पाण्याच्या भांड्यात पांढरा थर. गोगलगायीला पुन्हा झाकणावर ठेवून बघूया असं दोघांनी सुचवलं. त्यावर वर्गात चर्चा झाली आणि 'नको' असं मुलांनीच ठरवलं. पुरावा दुसऱ्या मार्गाने मिळत असेल तर जिवाला त्रास कशाला?

मीठ गोगलगायीला का झोंबतं? कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की पाणी सुटतं, हे आपल्याकडच्या प्रत्येक मुलाने पाहिलेलं असतं. फोडीतलं पाणी बाहेरच्या खारट बाजूकडे जातं, यालाच परासरण म्हणतात. गोगलगायीची कातडी ओली आणि पातळ, तिच्यावर मीठ पडलं तर तिच्या अंगातलं पाणीही तसंच बाहेर येतं. ती बचावासाठी भराभर स्राव सोडते, त्यात हवा मिसळून फेस होतो. मीठ जास्त असेल तर ती मरते. इथे मीठ थोडं होतं, म्हणून ती फक्त पाय उचलून, कडा आवळून त्यापासून लांब व्हायला बघत होती. आपण तापलेल्या वाळूवर अनवाणी उभे राहिलो तर जे करू, तेच.

मुलगी गप्प झाली. "म्हणजे मीच..." एवढंच म्हणाली. तिला सांगितलं, तू आठ दिवस तिच्याकडे बघत होतीस म्हणून तुला बदल दिसला. बघितलं नसतंस तर कळलंच नसतं.

पायाच्या विचित्र हालचाली : काय दिसतं, काय समजायचं, काय करायचं

घरी किंवा वर्गात गोगलगाय ठेवली तर मुलं हमखास विचारतील अशा गोष्टी :

1. पायाची पुढची बाजू उचलून हवेत डावीकडे-उजवीकडे हलवते. हा शोध आहे. पुढे आधार कुठे आहे ते ती चाचपडते. डोक्यावरच्या स्पर्शिकांच्या दोन जोड्यांपैकी वरच्या जोडीच्या टोकाला डोळे, पण नजर अधू. वास आणि स्पर्श यांवरच तिची भिस्त. काही करू नका, बघत राहा.

2. उताणी पडली आणि पाय मळसूत्रासारखा पिळतो. ती सरळ व्हायच्या खटपटीत आहे. पाय लांब करून, वळवून जमीन शोधते, मग शंख ओढून घेते. जवळ पान किंवा काडी ठेवा, शंख धरून उपटू नका.

3. मागे सलग रेघ न राहता तुटक ठिपके उमटतात. ही खरोखर वेगळी चाल आहे. काही जमिनीवरच्या गोगलगायी कधीकधी पायाची कमान करून पुढचा भाग उचलतात आणि पुढे टेकवतात, त्यामुळे तळव्याचा काहीच भाग जमिनीला लागतो. युरोपातल्या बागेतल्या गोगलगायीत ती अभ्यासली गेली आहे. आपल्याकडच्या कुणाला दिसली तर वहीत तारीख, जागा आणि जमीन कोरडी की ओली हे नक्की लिहून ठेवा.

4. फेस आणि आवळलेला पाय. काहीतरी झोंबतंय : मीठ, साबण, फिनेल, खत. गोगलगाय ओल्या पानावरून दुसरीकडे न्या, साध्या पाण्याचा हलका शिडकावा करा, भांडं बदला.

5. पाय पूर्ण आत आणि शंखाच्या तोंडावर कोरडा पडदा. मेलेली नाही, झोपलेली आहे. कोरड्या दिवसांत पाणी वाचवण्यासाठी ती स्वतःला असं बंद करून घेते. पडदा फोडू नका. भांडं दमट करा आणि वाट बघा.

6. पाय बाहेर लोंबतो, ओल्या काडीने हलकेच स्पर्श केला तरी आत जात नाही, वास येतो. हे मात्र मृत्यूचं लक्षण आहे. मुलांपासून लपवू नका.

आणखी एक. शंखाच्या कडेला, उजव्या शंखाच्या गोगलगायीत उजवीकडे, एक भोक उघडतं-मिटतं. मुलांना ती जखम वाटते. ते तिचं श्वासाचं भोक आहे.

गोगलगाय कोणती, हे आधी बघा

हा भाग पालकांनी वगळू नये. आपल्याकडे दोन प्रकारच्या पाहुण्या मुलांच्या हाती लागू शकतात. एक आपल्याच मातीतल्या लहान गोगलगायी. सह्याद्रीत अशा कितीतरी जाती आहेत ज्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. दुसरी शंखी गोगलगाय, म्हणजे आफ्रिकन राक्षसी गोगलगाय. निमुळता लांबट शंख, त्यावर तपकिरी पट्टे, शंख 20 सेंमीपर्यंत वाढू शकतो. ती मूळची पूर्व आफ्रिकेतली. 1847 साली विल्यम बेन्सन या इंग्रजाने मॉरिशसहून ती कोलकात्यात आणली, तिथून ती भारतभर पसरली. एका वेळी शंभराच्या वर अंडी घालते. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद (आता धाराशिव) या भागांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली आणि शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली, हे तुम्ही वाचलं असेल. शंखी गोगलगाय पाळू नका, आणि कुठून उचलून दुसऱ्या गावी तर मुळीच सोडू नका.

आरोग्याचंही आहे. गोगलगायींच्या अंगात उंदराच्या फुप्फुसातल्या कृमीची पिल्लं असू शकतात. ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. घाबरायचं कारण नाही, पण नियम पक्के हवेत : उघड्या हाताने धरायचं नाही, पान किंवा हातमोजे वापरायचे. बोट तोंडात-डोळ्यात नाही. बघून झालं की सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. काच आणि फ्रेमही धुवायची. पालेभाजी तर पावसाळ्यात नेहमीच नीट निवडून, धुऊन घ्यायची.

वर्गात किंवा घरी असं करा

साहित्य : पारदर्शक झाकणाचा डबा किंवा फ्रेममधली काच, पट्टी, घड्याळ, दगडी पाटी, ओली पानं, वही. डबा कशाचा होता ते आधी विचारा! लोणचं, मसाला, साबणाचा नको.

- काचेखालून एक मिनिट लाटा बघा. एका वेळी तळव्यावर किती पट्टे दिसतात ते मोजा. कोणत्या दिशेने जातात त्याचा बाण काढा.
- एका मिनिटात किती सेंमी गेली? तीन वेळा मोजून सरासरी काढा. मग गणिताच्या तासाला : याच वेगाने शाळेच्या फाटकापर्यंत किती वेळ लागेल?
- धुतलेल्या कोरड्या पाटीवर चालू द्या. काळ्या पाटीवर चंदेरी रेघ छान दिसते. सलग आहे की तुटक? रुंदी सारखी आहे का?
- काच तिरकी, मग उभी करा. लाटांचा वेग बदलतो का?
- दोन-तीन दिवसांनी, जिथून आणली तिथेच, संध्याकाळी सोडा.

वहीत दोनच रकाने : 'दिसलं' आणि 'वाटलं'. हे दोन रकाने या सगळ्या पाठाचा जीव आहेत. 'मरतेय', 'नाचतेय', 'बेरकी आहे' हे सगळं 'वाटलं' मध्ये जातं. 'झाकणावर पायाच्या कडा आत वळल्या, काचेवर सपाट राहिल्या' हे 'दिसलं' मध्ये. आमच्या वर्गात त्या दिवशी 'वाटलं' चा रकाना दहा मिनिटांत भरला होता. 'दिसलं' चा भरायला दोन तास लागले, आणि गोगलगाय वाचली ती त्या दुसऱ्या रकान्यामुळे.

त्या मुलीने वहीत आधी लिहिलं होतं, 'माझी गोगलगाय मरणार.' ते खोडून लिहिलं, 'ती मिठाला घाबरली.' मी विचारलं, घाबरली हे तुला दिसलं का? तिने थोडा विचार केला, 'ती मिठाला घाबरली' हे वाक्य बाण काढून 'वाटलं' च्या रकान्यात नेलं, आणि 'दिसलं' खाली लिहिलं, 'झाकणावर पाय उचलला. काचेवर टेकवला.'

शनिवारी शाळा सुटल्यावर ती गोगलगाय तिच्या घरामागच्या गडग्यावर, जिथून आणली त्याच दगडावर सोडली. आजी पडवीतून बघत होत्या. म्हणाल्या, "जगली की गो ती! लोणच्याच्या बरण्या मात्र माझ्या मला परत दे."

तुमच्या वर्गात किंवा घरात हा पाठ करून बघा. मुलांनी 'दिसलं' च्या रकान्यात काय लिहिलं ते जरूर कळवा.